रुक्मिणीची प्रीति आणि महदाइसेची प्रीति

वऱ्हाडांत जन्मलेल्या मुलास रुक्मिणीची कथा मुद्दाम सांगावी लागत नाहीं. वर्धा नदीच्या कांठीं कौंडिण्यपूर आहे. तेंच भीष्मक राजाचें कुंडिनपूर, असें आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. अमरावतीच्या अंबादेवीस गेलें कीं, ‘याच देवळांतून श्रीकृष्णानें रुक्मिणीस रथांत घेतलें’ असें आजी सांगते. आणि कौंडिण्यपुरास गेलें कीं तेथील लोक तोच मान आपल्या गांवच्या अंबिकेच्या देवळास देतात. या वादाचा निवाडा आम्ही करीत नाहीं. दोन गांवें एकाच मुलीस आपली म्हणतात, यांत त्या मुलीचा गौरवच आहे. आणि एकटी रुक्मिणीच काय, नलाची दमयंती, अजाची इंदुमती, अगस्त्याची लोपामुद्रा याही विदर्भाच्याच कन्या. संस्कृत कवींस नायिका हवी झाली कीं त्यांची दृष्टि वारंवार आमच्या या प्रांताकडे वळे, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

परंतु कथा ओळखीची असली म्हणजे तिचा अर्थही ओळखीचा असतोच असें नाहीं. वर्गांत हा भाग चालला असतां एकदां प्रश्न निघाला कीं, रुक्मिणीचें प्रेम तें कोणत्या जातीचें? तो प्रणय म्हणावा कीं भक्ति? लागलीच दोन पक्ष पडले. एक पक्ष म्हणाला, यांत विचारावयाचें काय? पत्र आहे, गुप्त निरोप आहे, रथ आहे, पाठलाग आहे. हा प्रणय नव्हे तर दुसरें काय? दुसरा पक्ष म्हणाला, श्रीकृष्ण हा परमात्मा; त्याच्याविषयींच्या ओढीस प्रणय म्हणणें हाच मुळीं अपराध. तास संपला, पण प्रश्न संपला नाहीं. म्हणून त्याचा विचार येथें सावकाश करण्याचें योजिलें आहे.

घरींही हेच दोन पक्ष आहेत, मात्र तेथें ते एकाच माणसाच्या मनांत नांदतात. लग्नाच्या वयाच्या मुलीनें एकनाथमहाराजांच्या ‘रुक्मिणीस्वयंवरा’चें पारायण करावें, म्हणजे तिला मनाजोगता पति मिळतो, असा समज अमरावती-अकोल्याकडील पुष्कळ घरांत आहे. पोथी मोठ्या भक्तिभावानें मुलीच्या हातीं दिली जाते. आतां त्याच घरांत त्याच मुलीनें आपल्या मनानें कोणास पत्र लिहिलें असें कळलें, तर काय होईल तें सांगावयास नको! जें पोथींत पवित्र तें पडवींत पाप कां, हें मुलीस कोणी समजावून सांगत नाहीं. आणि मुलगीही तें विचारीत नाहीं.

म्हणून प्रथम तें पत्रच पाहूं. भागवताच्या दशम स्कंधांत, बावन्नाव्या अध्यायांत, तें सात श्लोकांत आलें आहे. रुक्मिणीचा भाऊ रुक्मी यानें तिचा विवाह चेदिराज शिशुपालाशीं ठरविला आहे. बापाचें चालत नाहीं. मुलीनें कृष्णास कधीं पाहिलेलें नाहीं; येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या तोंडून त्याचे गुण मात्र ऐकले आहेत, आणि पत्राचा आरंभही ती ऐकलेल्या गुणांपासूनच करते. आपण त्यास वरिलें आहे असें ती स्वच्छ सांगते. सिंहाचा वांटा कोल्ह्यानें शिवूं नये, असा शिशुपालास टोला मारते. येथवर तें कोणत्याही धीट तरुणीचें पत्र आहे. त्याच्या पुढचा भाग मात्र आम्हांस अधिक विचार करण्याजोगा वाटतो. अंतःपुरांतून मला नेलेंस तर माझ्या आप्तांचा वध करावा लागेल, अशी शंका ती कृष्णाच्या वतीनें स्वतःच काढते आणि तिचें उत्तरही स्वतःच देते: विवाहाच्या आदल्या दिवशीं कुलदेवीची मोठी यात्रा असते, वधू नगराबाहेर गिरिजेच्या दर्शनास जाते; तेथें यावें. ज्या भावानें तिचें आयुष्य परस्पर ठरवून टाकलें त्याच्याही घरांत रक्त सांडूं नये, याची काळजी हें पत्र वाहतें.

पुढें रुक्मी पाठलाग करून हरतो, आणि कृष्ण तरवार उपसतो, तेव्हां हीच मुलगी त्याचे पाय धरून भावाचे प्राण मागते. कृष्ण त्याचे केस व मिशा वेड्यावांकड्या भादरून त्यास सोडतो, आणि त्याबद्दल बलरामाकडून बोलणें खातो. बहिणीस घेतल्याशिवाय कुंडिनपुरांत पाऊल ठेवणार नाहीं अशी रुक्मीची प्रतिज्ञा होती. म्हणून तो भोजकट नगर वसवून तेथेंच राहिला. अमरावतीजवळील भातकुली हेंच तें भोजकट, असें पुष्कळ अभ्यासक मानतात. भावाबहिणीचें तें वैर इतक्या जवळच्या जमिनीवर घडलें असें मनांत आणलें म्हणजे कथा पुराणांतून उठून शेजारच्या गांवीं येऊन बसते.

तर रुक्मिणीचें प्रेम हा प्रणय आहे, यांत आम्हांस संशय वाटत नाहीं. पण तो आंधळा नाहीं. आपल्यास हवें तें मिळवितांना दुसऱ्याचें काय जाईल, हें पाहण्याइतके त्याचे डोळे उघडे आहेत. ज्यास प्रणयाची भीति वाटते त्यानें हें पत्र पुन्हां वाचावें. आणि ज्यास प्रणय म्हणजे केवळ धाडस वाटतें त्यानेंही वाचावें.

आतां दुसऱ्या जातीची प्रीति. जिला कांहीं मिळवावयाचें नाहीं, जिचा शेवट विवाहांत नाहीं, अशा प्रीतीस इंग्रजी शिकलेले लोक ‘प्लेटॉनिक’ म्हणतात. हा शब्द आपल्याकडे सैल वापरला जातो, म्हणून थोडा खुलासा करणें अवश्य आहे. ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटो याच्या ‘सिंपोझियम’ नांवाच्या संवादांत सॉक्रेटिस हा डायोटिमा नामक एका ज्ञानी स्त्रीची शिकवण सांगतो. प्रेम ही एक शिडी आहे, असें तिचें म्हणणें. मनुष्य प्रथम एका सुंदर देहावर लुब्ध होतो, मग सर्व देहांतील सौंदर्य त्यास एकच दिसूं लागतें. पुढें मनाचें सौंदर्य, सदाचाराचें, ज्ञानाचें, आणि शेवटीं जें स्वतःच सौंदर्य तें. ‘प्लेटोची प्रीति’ हा शब्दप्रयोग मात्र प्लेटोचा नव्हे. तो इटलींतील फ्लॉरेन्स येथील मार्सिलियो फिचिनो या पंडितानें पंधराव्या शतकांत रूढ केला. गंमत अशी कीं, प्लेटोच्या शिडीची पहिली पायरी मनुष्यावरील प्रेम हीच आहे. त्यानें ती पायरी मोडून टाकण्यास कोठेंही सांगितलें नाहीं.

ख्रिस्ती शास्त्रांतही हा प्रश्न आला आहे. नव्या करारांत प्रीतीसाठीं ‘अगापे’ हा ग्रीक शब्द येतो आणि पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्राचा तेरावा अध्याय सर्वस्वी त्याच प्रीतीस वाहिलेला आहे. तिकडे जुन्या करारांतील ‘गीतरत्न’ पाहावें, तर तें उघडउघड वधूवरांचें काव्य आहे. परंतु यहुदी व ख्रिस्ती भाविकांनीं शतकानुशतकें तेंच काव्य देव आणि त्याची प्रजा यांच्या प्रीतीचें म्हणून वाचलें. आपल्याकडे एकनाथांनीं हेंच केलें. शके १४९३ मध्यें (इ. स. १५७१) वाराणसीस पुऱ्या केलेल्या आपल्या ‘रुक्मिणीस्वयंवरा’ंत त्यांनीं रुक्मिणीस जीव आणि कृष्णास शिव ठरवून लग्नाच्या एकेका विधीवर अध्यात्माचा अर्थ बसविला. त्यांच्या बुद्धीपुढें आम्ही नम्र आहों. तरी एक गोष्ट बोलून टाकतों: त्या रूपकांत शिरतांना देवळाच्या दारीं थरथरत उभी असलेली ती मुलगी कधीं कधीं आमच्या दृष्टीआड होते, आणि ती नाहींशी झाली कीं आम्हांस चुकल्यासारखें वाटतें.

ती दृष्टीआड होऊं न देतां दुसऱ्या जातीच्या प्रीतीनें तिचें गाणें गाइलें, अशी एक बाई आपल्याच जिल्ह्यांत होऊन गेली. तिचें नांव महदाइसा. तिला महदंबा असेंही म्हणतात, आणि मराठीची आद्य कवयित्री असा तिचा मान आहे. ती महानुभाव पंथाच्या पहिल्या आचार्यांची, म्हणजे नागदेवाचार्यांची, चुलत बहीण. लहान वयांतच तिला वैधव्य आलें होतें. त्या काळच्या बालविधवेपुढें आयुष्य म्हणून काय उरे हें आपल्या आजीपणजींच्या आठवणींवरूनही समजण्यासारखें आहे. महदाइसा चक्रधरस्वामींकडे आली, आणि तेथें तिला जें मिळालें तें त्या काळीं दुर्मिळ होतें: प्रश्न विचारण्याची मोकळीक. म्हाइंभटानें सिद्ध केलेल्या ‘लीळाचरित्रा’ंत ती वारंवार कांहीं ना कांहीं विचारीतच असते; आणि स्वामी तिच्या जिज्ञासेचें कौतुक करतात, ‘बाईमाणसास हें कशाला’ असें म्हणत नाहींत. चक्रधरांनीं आपल्या पंथांत स्त्रियांस संन्यासाचा अधिकार दिला होता, हेंही येथें ध्यानांत ठेवावें.

या गुरुशिष्येच्या नात्यास कोणतें नांव द्यावें? तो प्रणय नव्हे, हें उघड आहे. परंतु केवळ आदर म्हणावा तर तेंही अपुरें पडतें. आदरानें मनुष्य गप्प बसतो, आणि ही बाई गप्प बसतच नाहीं. ज्याच्यापुढें आपलें अज्ञान उघडें करण्यास लाज वाटत नाहीं, असा मनुष्य भेटणें हें प्रीतीचें एक मोठें सुख आहे. तें तिला भेटलें.

पुढें चक्रधर उत्तरेकडे निघून गेले. मागें राहिलेले शिष्य नागदेवाचार्यांसह रिद्धपुरास आले. रिद्धपूर म्हणजे आपल्या मोर्शी तालुक्यांतील गांव; अलीकडेच तेथें मराठी भाषा विद्यापीठ स्थापन झालें आहे, तें याच पूर्वपुण्याईमुळें. तेथें चक्रधरांचे गुरु गोविंदप्रभु राहत. त्यांचें वागणें लोकविलक्षण होतें. लहान मुलासारखे ते हट्ट करीत, रुसत, हंसत, वाटेल त्याच्या घरीं शिरून मागून खात. अस्पृश्य मानलेल्यांचीं घरेंही त्यांनीं वगळलीं नाहींत. वरवर पाहणाऱ्यास वेडा वाटावा असा हा पुरुष. पण गांवाला तो आईबापांसारखा होता. शिष्यमंडळींनीं, आणि त्यांत महदाइसेनेंही, त्यांची सेवा केली. खाऊं घालणें, समजूत काढणें, रुसवा सोसणें, अशी ती सेवा होती. मुलाबाळांच्या घरांत आई जें करते तेंच तिनें एका वृद्ध अवलियासाठीं केलें.

एके दिवशीं गोविंदप्रभूंनीं आपल्या लग्नाचा खेळ मांडला, असें पंथाची परंपरा सांगते. भक्तांनीं त्यांचें मन राखण्याकरितां लग्नाचा थाट केला. लग्न म्हटलें म्हणजे धवळे हवेतच. धवळे म्हणजे लग्नप्रसंगीं वराच्या गौरवार्थ बायकांनीं म्हणावयाचीं गाणीं. प्रभूंनीं महदाइसेस धवळे गावयास सांगितलें, आणि तिनें तेथल्या तेथें कृष्णाच्या विवाहाचे धवळे रचून गाइले. ही गोष्ट इ. स. १२८७ च्या सुमारची. पूर्वार्ध असा झाला. उत्तरार्ध तिनें मागाहून रचला. मिळून सुमारें दीडशें धवळे आहेत.

हा प्रसंग क्षणभर डोळ्यांपुढें आणावा. ज्या बाईस लग्नमंडपांत मान नाहीं, जिनें मंगलकार्यांत पुढें येऊं नये असा समाजाचा दंडक, तीच येथें मंडपाच्या मध्यभागीं बसून लग्नाचीं गाणीं म्हणते आहे. वर कोण? ज्यास लग्नच करावयाचें नाहीं असा एक ईश्वरी वेडा. गाणें कोणाचें? अंबिकेच्या देवळांतून प्रियकरासंगें निघून गेलेल्या विदर्भकन्येचें. आणि त्या गाण्यांत कोठें हेवा नाहीं, कोठें ‘मला हें मिळालें नाहीं’ असा सूर नाहीं. रुक्मिणीची उत्कंठा, ब्राह्मणाची वाट पाहणें, सखींची लगबग, सारें ती अगदीं घरगुती शब्दांनीं आणि आपुलकीनें सांगते. एकनाथांच्या रूपकांत जी मुलगी आमच्या दृष्टीआड होते ती येथें रक्तामांसाची राहते.

असें कां झालें असावें? आम्हांस वाटतें, प्रणयाकडे पाहण्याच्या तीन तऱ्हा आहेत. ज्यास तो हवा आहे तो त्याचें गाणें आपल्यासाठीं गातो. ज्याच्या हातून तो निसटला तो पुष्कळदां त्याची निंदा करतो. वडीलधाऱ्यांची कांहीं कठोर वचनें या दुसऱ्या प्रकारांत मोडतात, असें म्हटल्यास त्यांनीं क्षमा करावी. महदाइसेची तऱ्हा तिसरी. तिच्या मनांत दुसरी एक प्रीति इतकी भरलेली होती कीं रुक्मिणीच्या सुखाकडे पाहतांना तिला आपलें उणें आठवलें नाहीं. निष्काम प्रीति प्रणयाची शत्रु असती तर मराठींतलें हें पहिलें मोठें प्रणयगीत एका संन्यासिनीच्या तोंडून आलें नसतें.

महदाइसेनंतर थोड्याच वर्षांनीं, इ. स. १२९२ च्या सुमारास, नरेंद्र कवीनें ‘रुक्मिणीस्वयंवर’ हें काव्य रचलें. देवगिरीच्या रामदेवराव यादवानें तें आपल्या नांवावर करून देण्यास सांगितलें आणि नरेंद्रानें नकार दिला, अशी कथा आहे; पुढें तो महानुभाव झाला. त्या काव्याच्या आज ८७९ ओव्या उपलब्ध आहेत, आणि विरहाचें वर्णन पाहावें तर त्यांतलेंच.

इतकें झाल्यावर प्रणयाकडे पुन्हां एकदां वळणें प्राप्त आहे. कारण रुक्मिणीची खरी परीक्षा हरणाच्या दिवशीं झालीच नाहीं. ती झाली विवाहानंतर, द्वारकेंत, आणि भागवताच्या दशम स्कंधाच्या साठाव्या अध्यायांत ती वर्णिलेली आहे. रुक्मिणी दासीच्या हातून चवरी घेऊन स्वतः पतीस वारा घालीत आहे. कृष्ण थट्टेनें म्हणतो: एवढे मोठमोठे राजे सोडून तूं आम्हांस कां वरिलेंस? आम्ही राजांना भिऊन समुद्रांत घर केलेले, आमच्याजवळ धन नाहीं. विवाह आणि मैत्री बरोबरीच्यांतच शोभते. अजूनही एखादा योग्य क्षत्रिय पाहा. मीं तुला आणलें तें त्या राजांचा ताठा उतरविण्यासाठीं. आम्ही तर उदासीन, बायकामुलांची आम्हांस इच्छा नाहीं.

केवढें क्रूर वाक्य! प्रेम करणाऱ्या माणसास सर्वांत मोठें भय कोणतें? आपण ज्यास सर्वस्व दिलें त्यास आपली गरज नाहीं, हें कळण्याचें. रुक्मिणी पायाच्या अंगठ्यानें जमीन उकरीत उभी राहते, तोंडांतून शब्द निघत नाहीं, हातांतील कंकणें सैल होतात, चवरी गळून पडते, आणि वाऱ्यानें केळ पडावी तशी ती कोसळते. मग कृष्ण धांवून तिला उचलतो, केस सांवरतो, डोळे पुसतो, आणि तुझा रागावलेला चेहरा पाहण्यासाठीं ही थट्टा केली असें सांगतो. प्रिय माणसाशीं थट्टाविनोदांत वेळ जावा हाच संसारी माणसाचा मोठा लाभ, असेंही म्हणतो. (थट्टा अंमळ जास्तच झाली, असें आमच्या वर्गांतील मुलींचें एकमतानें मत पडलें, तें आम्ही खोडून काढूं शकलों नाहीं.)

परंतु महत्त्वाचें आहे तें रुक्मिणीचें उत्तर. ती ‘तसें म्हणूं नका, तुम्ही माझे आहांत’ असें म्हणत नाहीं. ती त्याचें एकेक वाक्य घेते आणि तें मान्य करते: खरेंच, मी तुमच्या बरोबरीची नाहीं. तुमच्याजवळ कांहीं नाहीं हेंही खरें, कारण तुमच्याहून निराळें असें कांहीं उरतच नाहीं. तुम्ही उदासीन आहांत हेंही खरें. आणि हें जाणूनच मीं वरिलें. ज्याला आपली गरज नाहीं अशा माणसावरही आपलें प्रेम आहे, हें ती डोळे उघडे ठेवून बोलते. देवळाच्या दारीं उभी असलेली मुलगी आणि मंडपांत धवळे गाणारी विधवा येथें एकमेकींच्या फार जवळ येतात. एकीस पति मिळाला, दुसरीस मिळाला नाहीं. पण ‘तूं माझा आहेस’ हा हक्क दोघींनींही सोडला आहे.

हें सर्व ग्रंथांतलें झालें. लोकांच्या मनांतली रखुमाई इतकी शहाणी नाहीं, आणि आम्हांस तीही आवडते. जात्यावरच्या ओव्यांत ती चक्क रुसते. नामदेवांच्या घरची दासी जनी दळूं लागली कीं विठ्ठल तिच्याबरोबर खुंटा धरतो, तिच्या गोवऱ्या वेंचतो; आणि रखुमाई विचारते कीं ही जनी तुमची कोण? विठ्ठलास नीट उत्तर देतां येत नाहीं. पत्नी नव्हे, सखी म्हणावें तर दासी, लेक म्हणावें तर बरोबरीनें बोलते. प्रणयास दुसरी प्रीति कळेनाशी होते ती अशी. या ओव्या रचणाऱ्या बायकांनीं रखुमाईस दोष दिला नाहीं आणि जनीसही दिला नाहीं. दोघींच्या बाजूनें गाऊन त्या मोकळ्या झाल्या.

आमच्या विद्यार्थ्यांची अडचण थोडी अशीच आहे. मुलगा आणि मुलगी एकत्र अभ्यास करीत असलीं, एकमेकांस पुस्तकें देत असलीं, तर जगाजवळ त्यास एकच नांव असतें. आणि तें नांव इतक्या वेळां ऐकूं येतें कीं शेवटीं त्या दोघांसही तेंच खरें वाटूं लागतें. महदाइसेच्या प्रश्नांसारखा स्नेह, जनीच्या जात्यासारखा स्नेह, यांस आपल्या बोलण्यांत नांव राहिलें नाहीं. म्हणून पुष्कळ चांगले स्नेह नांवाअभावीं तुटतात, आणि कित्येक चुकीच्या नांवाखालीं दुसऱ्याच वाटेला जातात. पालकांनीं मुलीस पारायणाला बसवावें, पण एखाद्या दिवशीं तिच्याजवळ बसून तें सात श्लोकांचें पत्रही तिच्याबरोबर वाचावें. काय निघेल तें निघो.

दरवर्षीं आषाढीच्या आधीं कौंडिण्यपुराहून रुक्मिणीची पालखी पंढरपुरास निघते. ही माहेरची पालखी, चारशें वर्षांहून जुनी म्हणून सांगतात. पंढरपुरीं रखुमाईचें देऊळ विठ्ठलाच्या देवळाहून निराळें आहे. ती रुसून द्वारकेहून दिंडीरवनांत आली, तिची समजूत काढावयास तो मागोमाग आला आणि पुंडलिकाच्या दारीं विटेवर उभा राहिला, अशी कथा आहे. समजूत पुरी झाली कीं नाहीं तें कथा सांगत नाहीं. माहेरची माणसें मात्र दरसाल जाऊन पाहून येतात.